नमुना नऊ, चार प्रतींत

"बावीस वर्षं झाली माउस हातात धरून! एकदा तरी मनगट कुरकुरलंय? विचारा त्याला!"

असं म्हणून काटकोनानं आपलं उजवं मनगट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी त्याला काही विचारलं नाही. मनगटानंही आपणहून काही सांगितलं नाही. पुढच्या तीन आठवड्यांत ते इतकं बोलणार होतं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. पण त्या सकाळी ते गरीब गाईसारखं फायलींच्या शेजारी पडून होतं.

काटकोन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण नकाशाघरात त्याला दुसऱ्या नावानं कोणी ओळखत नसे. पाठ आणि मांडी नव्वद अंशांत, दंड आणि कोपर नव्वद अंशांत, पेन्सिल वहीच्या कडेला समांतर! जेवतानासुद्धा त्याचा घास आधी सरळ वर जातो आणि मग काटकोनात वळून तोंडात शिरतो, असं कंटूरकाका सांगत. ते रोज त्याच्या शेजारी बसून डबा खात, तेव्हा त्यांचा शब्द मानायला हरकत नाही.

नकाशाघर म्हणजे जुने कागदी नकाशे संगणकावर आणणारी कचेरी. पिवळा पडलेला नकाशा पडद्यावर घ्यायचा आणि त्यातली रेघ न् रेघ माउसनं टिचक्या मारत पुन्हा काढायची. एका नकाशाला नऊ हजार टिचक्या. चौदा माणसं सकाळी दहापासून टिचक्या मारत; डोळे मिटून ऐकलं तर पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटे. कामं वाटलेली होती. एक बाई फक्त नद्या काढायच्या, त्या नदीवाली. निवृत्तीला आलेले एक गृहस्थ डोंगराची उंची दाखवणाऱ्या वेटोळ्या रेषा, म्हणजे कंटूर, काढायचे; ते कंटूरकाका. आणि या सगळ्यांच्या रेघा तपासणारा मुख्य तपासनीस म्हणजे आपला काटकोन.

त्या दिवशी वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आलं होतं. एकच हालचाल हजारदा केल्यानं हातांना कायमची इजा होते, तेव्हा प्रत्येक शाखेनं एक 'त्रासमुक्त बैठक अधिकारी' नेमावा, पुस्तिका तयार करावी. तीन आठवड्यांनी तज्ज्ञ पाहणीला येतील.

"मी लिहितो पुस्तिका! आठ दिवसांत!" काटकोन म्हणाला.

"लिहा," साहेब म्हणाले. "आणि पाहणीत एकही दुखरा हात निघाला नाही, तर ती कोपऱ्यातली खोली तुमची."

कोपऱ्यातली खोली! तिला खिडकी होती. खिडकीला झाड होतं. बावीस वर्षं काटकोन पाण्याच्या पिंपाशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसत आला होता. त्या भिंतीवरचे सगळे पोपडे त्याला तोंडपाठ होते; एक तर त्यानं फावल्या वेळात मोजून काढला होता.

अधिकारी झाल्या झाल्या त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे एक अर्ज तयार केला. नमुना नऊ. आधीचे आठ कुठे आहेत, असं कोणी विचारलं नाही. नऊ म्हटलं की वजन येतं. हाताला इजा झाली असं ज्याला वाटत असेल, त्यानं हा अर्ज भरायचा. सोळा कलमं. चार प्रती. चारही स्वहस्ताक्षरात. खाडाखोड केल्यास बाद, हे कलम सहा. दुसऱ्यानं भरून दिल्यास बाद, हे कलम सात. इजेचं कारण दहा शब्दांत द्यावं. ते वरिष्ठांना पटलं नाही तर किमान दहा पानांचं निवेदन द्यावं, हेही स्वहस्ताक्षरात, हे कलम सोळा.

"अहो तपासनीस," कंटूरकाकांनी विचारलं, "ज्याचा हात मोडलाय, तो हे लिहिणार कशानं?"

"ज्याचा खरोखर मोडलाय तो कसंही लिहील, काका! ज्याचा मोडलेला नाही तो कंटाळून सोडून देईल. कामचुकारांना चाळणी हवी ना!"

चाळणीत पहिली सापडली ती नदीवाली. तिसऱ्याच दिवशी ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. अकरा वर्षांत तिची एकही नदी पात्राबाहेर गेली नव्हती.

"सर, मनगट धरलंय. पंधरा दिवस झाले. घरी दाराची कडी उघडत नाही."

"अरे वा! म्हणजे, अरेरे! नमुना नऊ भरा."

"तासाला पाच मिनिटं हात थांबवू दिलात तरी चालेल, सर. अर्ज नको."

"असं कसं? अर्जाशिवाय हात दुखतोय हे कळणार कसं?"

"मला कळतंय, सर."

"तुम्हाला कळून काय उपयोग, बाई! फायलीला कळायला हवं."

तिनं पहिली प्रत निम्मी भरली. चौथ्या कलमापाशी अक्षर उतरंडीला लागलं, पाचव्यापाशी पेन गळून पडलं. तिनं तो कागद घडी करून खणात ठेवला आणि पुन्हा नदी काढायला बसली. काटकोनानं मान डोलावली आणि पुस्तिकेच्या पान चारवर लिहिलं: 'या शाखेत हातदुखीच्या तक्रारी: शून्य.'

आता पुस्तिकेबद्दल. ती तीस पानांची व्हायची होती, एकशे चाळीस पानांची झाली. काटकोनाला एकदा विषय सापडला की तो विषयाला सोडत नसे. पडदा डोळ्यांच्या पातळीत हवा. पावलं जमिनीला टेकलेली हवीत. मनगट सरळ हवं, वर मुरडलेलं नको. माउस हाताजवळ हवा, तो घ्यायला खांद्यातून लांबायला लागू नये. हे सगळं त्यानं लिहिलं ते दिवसभर कचेरीत नकाशे तपासून झाल्यावर, रोज संध्याकाळी पाच पाच तास, घरच्या सोफ्यावर! मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, माउस सोफ्याच्या हातावर, मान अशी की हनुवटी तिसऱ्या गुंडीला टेकावी. शिवाय आकृत्या! चौसष्ट आकृत्या, सगळ्या माउसनं काढलेल्या, प्रत्येक माणसाचं कोपर मोजून नव्वद अंशांत. एकोणनव्वद झालं की पुसून पुन्हा.

त्याची बायको गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांचे हात न्याहाळणं हाच तिचा धंदा. ती एकदा मागून येऊन पडद्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, ही आकृती सदतीस कसली?"

"चुकीची बैठक."

"समोर आरसा ठेवून काढलीत वाटतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझ्याकडचा एखादा शिकाऊ असा बसला तर मी त्याला पहिल्या चौकात खाली उतरवते. उठा! टेबलापाशी बसा."

"आता मध्येच उठलो तर लय तुटेल!"

लय तुटली नाही. आठव्या दिवशी पुस्तिका पूर्ण झाली. नवव्या दिवशी सकाळी दात घासताना ब्रश त्याच्या हातातून निसटला आणि बेसिनमध्ये पडला. त्यानं उचलला. पुन्हा पडला. शर्टाची वरची गुंडी लावायला सहा मिनिटं लागली, आणि लागली ती चुकीच्या काजात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशी बधिर झाली होती, जणू ती दुसऱ्याच कोणाची असून आपल्याकडे पाहुणी आली आहेत.

काटकोनानं हात झटकून पाहिला. मेंदूचं काही असेल का? हृदयाचं? पण हृदयाचा हात तर डावा म्हणतात! मग उजव्याचं काय असतं? यकृत? त्यानं घाईघाईनं आपलीच पुस्तिका उघडली. पान एकतीस, 'धोक्याच्या खुणा'. बोटांना मुंग्या येणं. पकड सैल होणं. सकाळी हात जड वाटणं. बारीक कामं न जमणं. तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला, डाव्या हाताचं. यादी इतकी अचूक होती की त्याला आधी स्वतःचा अभिमान वाटला. आणि मग त्यानं पुस्तिका पटकन मिटली.

त्याचे वडील शिंपी होते. हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की ते आधी चहा मागवायचे, मग गप्पा काढायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर आतल्या खोलीत येऊन काटकोनाच्या हातात सुई द्यायचे, "जरा दोरा ओवून दे रे." हे दोन वर्षं चाललं. पुढे पुढे तर कात्रीही त्यालाच धरावी लागे. आणि एक दिवस शिवणयंत्रावर कायमची चादर पडली. ती चादर काटकोनाला आता बेसिनच्या आरशात स्पष्ट दिसली. आपला हात गेला तर? तपासनिसाच्या हाताशिवाय तपासनिसात उरतं काय?

"काय झालं हो?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही! ब्रश धूत होतो!"

डॉक्टरकडे जावं? पण डॉक्टर चिठ्ठी देणार, चिठ्ठी कचेरीत जाणार, शून्याचा एक होणार! पाहणीला अकरा दिवस होते. अकरा दिवस झाकून नेऊ, मग बघू, असं त्यानं ठरवलं. पान छपन्नवर त्यानंच ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'दुखणं लपवू नका.' ते पान त्यानं त्या दिवसापुरतं उघडलं नाही.

मनगट सरळ ठेवायला पट्टा हवा होता. विकत घ्यायला गेलो आणि कोणी पाहिलं तर? त्यानं कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी मनगटाखाली लावली, आणि ती जागेवर राहावी म्हणून वरून मुलीचा लहानपणीचा एक मोजा, पुढून कापून, चढवला. मोज्यावर पिवळी बदकं होती. वरून लांब बाहीचा शर्ट. तरी बदकं डोकावतील म्हणून हात थेट पँटच्या खिशात! आणि तो खिशातच राहिला. चालताना, बसताना, बोलताना. माउस डाव्या हातात आला.

डावा हात हा काटकोनाच्या शरीरातला सर्वांत अननुभवी कर्मचारी होता. बाण उजवीकडे न्यायचा म्हटलं की तो वर जाई, थांबवायचा म्हटलं की खाली पळे. दुसऱ्याच दिवशी एका नकाशाची तपासणी करताना त्यानं चुकून एक नदी धरली, घाबरून ओढली आणि डोंगरावर नेऊन सोडली.

नदीवाली नकाशा घेऊन आली.

"सर, माझी नदी चढ चढतेय."

"अं? कुठे? हां... भूगर्भात हालचाली होत असतात, बाई."

"एका दुपारीत?"

"कधी कधी होतात."

तिनं त्याच्या टेबलाकडे पाहिलं. माउस डाव्या बाजूला. मग तिनं खिशाकडे पाहिलं. ती जागेवर गेली आणि तिनं नदी पुन्हा खाली आणली, स्वतःच्या दुखऱ्या हातानं, नव्या साडेतीनशे टिचक्या मारून.

पण बाकीच्यांनी फक्त खिसा पाहिला. आणि चौदा माणसांच्या कचेरीत एखादा खिसा सतत झाकलेला राहिला, तर त्यात काय आहे ते कळल्याशिवाय कोणाला अन्न गोड लागत नाही.

"यादी आहे," कंटूरकाका पिंपापाशी दबक्या आवाजात म्हणाले.

"कसली?"

"माणसं कमी करायची! उगीच का आला हा तज्ज्ञ-बिज्ञ? पुस्तिका म्हणजे निमित्त. कोण किती टिचक्या मारतो ते बघणार आणि नावं काढणार. यादी याच्या खिशात. बघितलं नाही, कोणी जवळ आलं की मूठ आवळतो!"

मूठ तो आवळत नव्हता. ती आवळता येते का, हे दर दहा मिनिटांनी तपासत होता. पण हे कोणाला माहीत? संध्याकाळपर्यंत यादीत पाच नावं झाली, दुसऱ्या दिवशी आठ! आणि मग नकाशाघरात असं काम सुरू झालं की विचारू नका. लोक साडेनऊला येऊ लागले. चहाला उठणं बंद. डबे माउसशेजारी, एका हातानं. गारांच्या जागी मुसळधार! जो तो टिचक्या मारतोय आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून खिशाकडे बघतोय. काटकोन पाण्याला उठला तरी तिघं दचकून ताठ बसत.

"वा!" साहेब म्हणाले. "तुमच्या पुस्तिकेनं काय चैतन्य आलंय हो शाखेत!"

काटकोन हसला. पण चौथ्या दिवसापासून त्याच्या लक्षात आलं की कचेरीत काहीतरी बिनसलं आहे. रस्ते काढणारा दार खांद्यानं ढकलतोय. गावांची नावं टाकणारी बाई पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरतेय. आणि हळूहळू एकेकाचा हात खिशात, पदरात, ओढणीत, पाठीमागे दिसेनासा होतोय. यांना कळलं! काटकोनानं हात खिशात आणखी खोल घातला. हे माझी नक्कल करताहेत! उद्या पाहणीत सगळे मिळून मला उघडं पाडणार!

घरी वेगळीच आघाडी. बायकोनं दोन दिवस नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ब्रेक दाबला.

"चहा डाव्या हातानं ढवळताय."

"सवय करतोय. दोन्ही हात तयार असावेत माणसाचे."

"काल किल्ली दोन्ही हातांनी फिरवलीत. बघू हात."

"अगं, काही नाही..."

"तुमच्या वडिलांचंही काहीच नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून काटकोन जास्त घाबरला. "पाहणी झाली की त्याच दिवशी डॉक्टर. नाहीतर मी येते कचेरीत आणि साहेबांसमोर तुम्हाला लिंबाएवढा चेंडू झेलायला लावते."

पाहणीचा दिवस उजाडला. तज्ज्ञ म्हणून आल्या त्या एक ठेंगण्या, शांत डॉक्टरबाई. हातात छोटी पेटी. पाच वाजता त्यांना निघायचं होतं, हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. साहेबांनी पुस्तिका पुढे केली.

"एकशे चाळीस पानं! आणि दुखापती शून्य!"

"शून्य?" बाईंनी चौदा माणसांवर नजर फिरवली. चौदापैकी अकरांचा एकेक हात कुठेतरी गुप्त होता. "बरं. बसून दाखवता का?"

काटकोन आदर्श खुर्चीत बसला. उपाय नव्हता, उजवा हात खिशातून काढून त्यानं बाही बोटांपर्यंत ओढली.

"पाठ... ताठ," त्यानं सुरुवात केली. "खुर्चीची उंची अशी ठेवावी, की कोपर आणि टेबल..."

उंचीची दांडी खुर्चीच्या उजव्या बाजूला होती. त्यानं ती ओढली. ओढली म्हणजे बोटं तिच्यात अडकवली; परत सोडायचं बोटांना कळलंच नाही. खुर्चीनं एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि ती खाली जायला लागली. काटकोन बोलत राहिला. बोलण्यावाचून दुसरं करणार काय?

"...कोपर आणि टेबल एका पातळीत यावेत..."

कोपर टेबलाखाली गेलं.

"...खांदे सैल..."

खांदे गेले. शेवटी टेबलाच्या कडेवर नुसती हनुवटी उरली आणि ती म्हणाली, "...आणि पडदा डोळ्यांच्या समोर."

पडदा आकाशात होता. कोणी हसलं नाही. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना हसू कसं येणार!

डॉक्टरबाईंनी पेटी उघडली. आतून पकड मोजायचं यंत्र निघालं: एक मूठ, वर एक तबकडी. "दाबा. उजव्या हातानं."

काटकोनानं मूठ धरली. सगळा जीव बोटांत आणला. कपाळाची शीर उभी राहिली, कान लाल झाले, पावलं जमिनीवरून उचलली गेली. काटा शून्यावर होता तो शून्यावरच राहिला. कदाचित थोडा हलला असेल, पण तो काटकोनाच्या श्वासानं.

"यंत्र बिघडलंय!" साहेब ओरडले. त्यांनी यंत्र हिसकावून दाबलं. काटा झपकन बेचाळिसावर गेला. साहेबांनी ते गुपचूप खाली ठेवलं. "म्हणजे, मधूनमधून बिघडतंय. हो ना हो, तपासनीस? यंत्रच आहे ना?"

त्या 'हो ना' मध्ये एक अख्खी खोली होती. खिडकी होती. झाड होतं. आणि काटकोनाच्या जिभेच्या टोकाशी 'हो' आलंही होतं.

तेवढ्यात कंटूरकाकांचा बांध फुटला.

"यंत्राचं राहू द्या! आधी यादी वाचा! बत्तीस वर्षं कंटूर काढले मी, माझं नाव कितवं आहे ते कळू द्या एकदाचं!"

"कसली यादी, काका?"

"खिशातली! आठ दिवस झाले, रक्त आटलंय आमचं! रोज साडेचौदा हजार टिचक्या मारल्यात! हा बघा हात!" आणि काकांनी हात पुढे केला. पाचही बोटं आकड्यासारखी वळली होती.

"माझाही बघा!" रस्तेवाला म्हणाला.

"आणि हा!"

काटकोन बघत राहिला. नक्कल नव्हती ती. त्याच्या खिशानं एवढे हात मोडले होते. सगळ्यांत मागे नदीवाली उभी होती. तिनं हात पुढे केला नव्हता. तिचा तो एकदा दाखवून झाला होता. आता तिच्या दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद होता, निम्मा भरलेला, आणि ती काटकोनाकडे बघत होती. त्याला एकदम आतली खोली आठवली. चहा पिऊन गेलेलं गिऱ्हाईक, आणि सुई पुढे करणारा तो हात. वडिलांना दोरा ओवून द्यायला तो तरी होता. या बाईला त्यानं सोळा कलमं दिली होती.

"यंत्र बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. खुर्चीत खालीच असल्यामुळे आवाज टेबलाखालून आल्यासारखा वाटला. त्यानं बाही मागे सारली. खिशात यादी नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. बदकं होती.

सगळे वाकून मोज्याकडे बघू लागले. मग कंटूरकाका म्हणाले, "पट्टी आपल्या कचेरीतली आहे."

डॉक्टरबाईंनी मोजा काढून हात उलटसुलट करून पाहिला, मनगटावर टिचकी मारली. बोटांपर्यंत वीज गेली. "अजून वेळ गेलेली नाही. चांगला पट्टा, उपचार आणि विश्रांती. सुटेल." मग पान एकतीस काढलं. "हे कोणी लिहिलंय? यादी उत्तम आहे. फक्त एक चुकलंय. नव्वद अंशांत तीन तास पुतळ्यासारखं बसलं तरी हात दुखणारच. मधूनमधून उठायला हवं, हलायला हवं. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं सगळ्यांनी थांबायचं. मंजूर करते मी आत्ता. मला नोंदवलेली एक दुखापत दाखवा, एकच पुरे."

"नोंदवलेली?" साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. "म्हणजे नमुना नऊ?"

चार वाजायला पाच मिनिटं होती.

पुढचा तास नकाशाघर विसरणार नाही. काटकोन डाव्या हातानं लिहायला बसला. भोवती तेरा माणसं. नदीवाली खुर्चीमागे उभी राहून कलमं वाचत होती, एक शब्द न गाळता.

"बाई, ही पहिली प्रत तुम्ही लिहून द्याल का? बोलतो मी."

"कलम सात, सर."

"हा 'इ' जरा गिरवू का?"

"गिरवणं म्हणजे खाडाखोड. कलम सहा. नवीन कागद घ्या."

त्यानं नवीन कागद घेतला. असे नऊ कागद गेले. "हे कोणत्या गाढवानं..." एवढं बोलून तो थांबला आणि कोणी वाक्य पूर्ण केलं नाही, ही माणसं मनानं चांगलीच. साडेचार झाले. दुसरी प्रत. पावणेपाच. अक्षरं अशी की मुंगी शाईतून निघून घरी गेली असावी. डॉक्टरबाई पेटी बंद करून उभ्या राहिल्या. पाचला तीन मिनिटं कमी असताना तो चौथ्या प्रतीच्या कलम अकराशी पोचला: 'इजेचं कारण, दहा शब्दांत.' पहिल्या तिन्ही प्रतींत लिहिलं होतं तेच त्यानं पुन्हा लिहिलं: 'आरामात काम कसं करावं, याची पुस्तिका लिहिल्यामुळे इजा झाली.'

नदीवालीनं शब्द मोजले. "नऊ. चालेल."

खाली 'शिफारस अधिकाऱ्याची सही' होती. तीही त्याचीच. सवयीनं त्याचा डावा हात लाल पेनाकडे गेला, 'अक्षर अवाचनीय, अर्ज परत' असं लिहायला, तेरा जण एकदम "अहो!" म्हणून ओरडले म्हणून अर्ज बचावला.

मंजुरी मिळाली. नमुना नऊ काटकोनानंच रद्द केला; आता ज्याला दुखेल त्यानं नुसतं येऊन सांगायचं. नदीवालीला महिनाभर नद्यांपासून सुट्टी मिळाली, तिला नकाशांच्या यादीवर बसवलं. आणि कोपऱ्यातल्या खोलीत झाली विश्रांतीची जागा. तेव्हा काटकोनाला खिडकी मिळाली नाही असं म्हणता येणार नाही. मिळाली. दर अर्ध्या तासानं, पाच मिनिटं, आणखी तेरा जणांबरोबर, बोटं उघडत-मिटत.

तिसऱ्या आठवड्यात तिथेच नदीवाली एक लिफाफा घेऊन आली. काटकोनाच्या मनगटाला आता खराखुरा पट्टा होता. ब्रश हातात टिकत होता, गुंडी तीन मिनिटांत लागत होती.

"वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आहे, सर. वाचू?"

"वाचा, बाई."

"'आपला नमुना नऊ पोचला. इजेचं कारण या कार्यालयास समजलेलं नाही. पुस्तिका लिहिल्यानं हात कसा दुखावतो? तरी कलम सोळानुसार किमान दहा पानांचं सविस्तर निवेदन...'" ती थांबली.

"स्वहस्ताक्षरात?" काटकोनानं विचारलं.

"आणि चार प्रतींत."

"पण नमुना नऊ आपण रद्द केला ना?"

"आपण केला, सर. त्यांना फार आवडला म्हणे. सगळ्या शाखांना लागू केलाय."

काटकोनानं खिडकीतून बाहेर पाहिलं. झाड छान होतं. वाऱ्यानं हलत होतं. कुठेही काटकोन नव्हता. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती. ती त्यानं घेतली.